बिल्ड मध्येच का मरतं? एड्सगर डायक्स्ट्रांची गोष्ट

फोनवर गाणी चालू आहेत, मागे मॅप्स उघडा आहे, आणि तुम्ही एक जड गेम सुरू करता. दहा मिनिटांनी चॅटच्या ॲपवर परत येता तर ते पहिल्यापासून उघडतं, अर्धवट टाइप केलेला मेसेजही कधी कधी गायब. ॲप क्रॅश झालेलं नसतं. अँड्रॉइडमध्ये ‘लो मेमरी किलर’ नावाचा एक पहारेकरी असतो. रॅम संपत आली की मागे पडलेल्या ॲप्सपैकी एखाद्याला तो सरळ मारतो. फोनवर हे खपून जातं, कारण ॲप पुन्हा उघडता येतं.

हाच प्रकार लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बिल्ड करताना झाला की मात्र जीव जातो. ८ जीबी रॅम, ८ कोअर, एखादा मोठा ओपन सोर्स प्रोजेक्ट. पाऊण तास पंखा घोंघावतो आणि मग स्क्रीनवर एकच शब्द येतो: ‘किल्ड’. पुन्हा चालवा, दुसऱ्याच फाइलवर मरतं. तिसऱ्यांदा चालवा, पूर्ण होतं. काहीच बदललेलं नसताना.

ज्यांना बिल्ड म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या सॉफ्टवेअरचा कोड हजारो फाइल्समध्ये लिहिलेला असतो. कंपायलर एकेका फाइलचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो आणि शेवटी लिंकर ते सगळे तुकडे जोडून एक चालणारा प्रोग्रॅम बनवतो. कंपाइल करायच्या बऱ्याचशा फाइल्स एकमेकींवर अवलंबून नसतात, त्यामुळे ८ कोअर असतील तर ८ फाइल्स एकाच वेळी घेता येतात. ‘मेक’ नावाच्या जुन्या टूलला ‘मायनस जे ८’ सांगितलं की ते हेच करतं. हिशेब कोअरचा होतो. आठही कामं मिळून रॅम किती खातील, हे कोणी विचारतच नाही.

हा प्रश्न विचारणारा माणूस साठ वर्षांपूर्वी होऊन गेला. इंजिनिअरिंग केलेल्यांना त्यांचं नाव माहीत असतं, पण ते ‘शॉर्टेस्ट पाथ’ अल्गोरिदमपुरतं. परीक्षेत दोन प्रश्न येतात, दहा मार्क मिळतात, विषय संपतो. एड्सगर डायक्स्ट्रा यांचं खरं काम मला त्यापुढचं वाटतं: अपुऱ्या मशीनवर एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांचा गळा न धरता पूर्ण कशी होतील, हे शोधण्याचं. म्हणून त्यांची गोष्ट मी त्या बाजूने सांगणार आहे.

पाच ओळींची शिस्त

११ मे १९३० रोजी रॉटरडॅममध्ये त्यांचा जन्म झाला. वडील शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. आई गणितज्ञ होती, नोकरी मात्र तिने कधी केली नाही. त्रिकोणमिती अवघड असते का, असं मुलाने विचारलं तेव्हा तिने सांगितलं की सूत्रं पाठ हवीत, आणि उत्तराला पाच ओळींपेक्षा जास्त जागा लागत असेल तर वाट चुकली असं समजावं. डायक्स्ट्रांचे पुढचे पेपर वाचले की ही शिस्त कुठून आली ते कळतं.

दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० मध्ये, रॉटरडॅमवर बॉम्ब पडले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. शाळा संपवताना त्यांच्या डोक्यात कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचं प्रतिनिधित्व करायचं होतं. पण मार्क विज्ञानात इतके चांगले पडले की लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे गेले. १९५१ मध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांचा तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स त्यांनी केला. तिथल्या एडसॅक मशीनची मेमरी पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती. पाऱ्यातून जाणारी ध्वनीची लहर म्हणजे साठवलेली माहिती!

मार्च १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये अर्धवेळ प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले. तीन वर्षांनी त्यांना शंका आली. भौतिकशास्त्रात निदान एक शास्त्र आहे, प्रोग्रॅमिंगमध्ये काय आहे? सेंटरमधले त्यांचे वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांनी त्यांना समजावलं की कॉम्प्युटर आता जाणार नाहीत, आणि या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस कदाचित तूच असशील. डायक्स्ट्रा थांबले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय म्हणून त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ लिहिलं तर असा व्यवसायच नाही म्हणून ते नाकारलं गेलं, आणि कागदोपत्री ते भौतिकशास्त्रज्ञ झाले.

प्रसिद्ध अल्गोरिदमही याच काळातला. १९५६ मध्ये होणाऱ्या बायकोबरोबर, रिया यांच्याबरोबर, खरेदी करून ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसले असताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्यांनी तो डोक्यात रचला. एका नव्या मशीनच्या उद्घाटनासाठी त्यांना लोकांना समजेल असं काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून नेदरलँड्समधल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जायची सर्वात जवळची वाट. नकाशात त्यांनी ६४ शहरं घेतली. ६४च का? कारण ६४ गोष्टींना क्रमांक द्यायला ६ बिट पुरतात, ६५ घेतली की सातवा बिट लागतो. आज आपण फोनवर नाशिक ते पुणे रस्ता विचारतो तेव्हा कोणी बिट मोजत नाही.

पुन्हा न सापडणारी चूक

आता मूळ मुद्द्याकडे. १९५७-५८ च्या सुमारास सेंटरमधल्या लूपस्ट्रा आणि स्खोल्टन या मशीन बनवणाऱ्यांनी एक्स-१ नावाच्या नव्या कॉम्प्युटरची योजना मांडली. त्यात ‘इंटरप्ट’ची सोय असणार होती. तोवर मशीन प्रिंटरला एक अक्षर पाठवायचं आणि ते छापून होईपर्यंत रिकामं बसायचं. इंटरप्टमुळे ते मधल्या वेळात दुसरं काम करू शकणार होतं आणि प्रिंटर मोकळा झाला की तो मशीनला मध्येच टोकणार होता. तुमच्या फोनवर व्हिडिओ चालू असताना कॉल येतो, तसंच.

सगळ्यांना आनंद झाला, डायक्स्ट्रा घाबरले. टोकणं नेमकं कोणत्या क्षणी येईल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात नाही. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तीच माहिती, तरी प्रत्येक वेळी घटनांचा क्रम वेगळा. त्यात चूक राहिली तर ती हजारात एकदा दिसेल, आणि शोधायला गेलं की लपेल. तोवर प्रोग्रॅमरच्या हातात एकच हुकमी हत्यार होतं: पुन्हा चालवून बघणं. तेच हातातून जाणार होतं. त्यांनी काही महिने हा निर्णय लांबवला. शेवटी सहकाऱ्यांनी पटवलं आणि इंटरप्ट हाताळणारा भाग लिहायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. टोकणं कधीही आलं तरी मूळ काम जिथे होतं तिथूनच, काहीही न हरवता पुढे सुरू होईल, हे त्यांनी चाचण्यांच्या भरवशावर सोडलं नाही, युक्तिवादाने पक्कं केलं. १९५९ मध्ये त्यांना याच कामावर डॉक्टरेट मिळाली.

‘मायनस जे ८’ने फेल होणारं आणि ‘मायनस जे १’ने पास होणारं बिल्ड हे त्या भीतीचंच आजचं रूप आहे. पण इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण इथेच फसतात. अशा बिल्डला दोन वेगळे आजार असू शकतात. पहिला, ‘ही फाइल त्या फाइलनंतरच बनवायची’ हे मेकफाइलमध्ये लिहायचंच राहून गेलंय. एकेक काम चालू असतं तेव्हा नशिबाने क्रम बरोबर लागतो, आठ चालली की कधी लागतो, कधी नाही. दुसरा, क्रम बरोबर आहे पण रॅम संपली आणि लिनक्सच्या कर्नलने एका कंपायलरला मारलं. ‘मायनस जे १’ केलं की दोन्ही आजार दिसेनासे होतात, म्हणून त्यावरून निदान होत नाही. निदान कर्नलच्या नोंदींत होतं. ‘डीमेसग’ कमांड चालवून ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ सापडली, किंवा कामाचा एक्झिट कोड १३७ आला (१२८ अधिक सिग्नल ९, म्हणजे जबरदस्तीने मारलं), तर बहुधा मेमरीच. नुसतंच ‘फाइल सापडत नाही’ आलं तर संशय क्रमावर घ्या.

१९६० मध्ये डायक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड यांनी एक्स-१ साठी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर लिहिला. ऑगस्टमध्ये तो चालू झाला, या भाषेचा जगातला पहिला. काम पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. झोनेव्हेल्डनी नंतर लगेच केली, डायक्स्ट्रांनी दाढी ठेवली. अवघ्या काही हजार शब्दांच्या मेमरीत हा कंपायलर बसवायचा होता. ‘शब्द’ म्हणजे इथे मशीनचा मेमरीतला एक कप्पा. प्रत्येक फंक्शनला कायमची जागा देण्याऐवजी लागेल तेव्हा घ्यायची आणि काम झालं की सोडायची, ही ‘स्टॅक’ची पद्धत त्यांनी त्यात वापरली. आपल्या प्रत्येक फोनमध्ये ती आजही आहे.

टोकन घ्या, टोकन परत करा

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रशिक्षण संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे नवं मशीन येणार होतं, एक्स-८. त्यावर अनेक कामं एकाच वेळी चालवायची होती आणि त्यांना शिस्त लावायला डायक्स्ट्रांनी ‘सेमाफोर’ काढला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून. आपल्याकडे एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नसे, ते ज्यांना माहीत आहे त्यांना सेमाफोर वेगळा समजवावा लागत नाही. एक आकडा असतो. काम सुरू करायचं तर त्यातून एक कमी करा. शून्य असेल तर थांबा. काम झालं की एक वाढवा. या दोन क्रियांना त्यांनी डच शब्दांवरून ‘पी’ आणि ‘व्ही’ अशी अक्षरं दिली. जगभरच्या पुस्तकांत अजून तीच आहेत आणि ती डच आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं.

मेकच्या पोटात आज नेमकं हेच चालतं. ग्नू मेकला ‘मायनस जे ८’ सांगितलं की ते एका पाइपमध्ये ७ बाइट टाकून ठेवतं. एक बाइट म्हणजे एक टोकन. (आठवं टोकन लिहिलेलं नसतं, प्रत्येक मेकला एक काम फुकट.) मोठ्या प्रोजेक्टमध्ये एक मेक दुसऱ्या मेकला बोलावतो, तो तिसऱ्याला. जास्तीचं काम सुरू करायचं तर त्यांनी पाइपमधून एक बाइट वाचायचा, आणि काम संपलं की परत टाकायचा. या सोयीला ‘जॉबसर्व्हर’ म्हणतात. रस्ट भाषेचा कार्गोही त्यात सामील होतो. २०२५ मध्ये निंजा हे टूलही जॉबसर्व्हर ओळखायला लागलं.

गंमत तेव्हा होते, जेव्हा टोकन हातात असतानाच कोणीतरी मरतं. रॅम संपली, कर्नलने नेमका आतला एखादा मेक मारला, तर त्याच्याकडचे बाइट पाइपमध्ये परत येत नाहीत. ‘पी’ झाला, ‘व्ही’ राहिला. बाकीचं बिल्ड आठऐवजी पाचवर रखडतं, आणि सगळ्यात वरचा मेक शेवटी टोकन मोजून तक्रार करतो की असायला हवी होती तेवढी नाहीत. ही ओळ दिसली तर मेकला दोष देऊ नका. आत कुणीतरी अर्ध्यात गेलंय.

द्राक्षबागेचं कर्ज

१९६५ मध्ये डायक्स्ट्रांनी एक दीर्घ टिपण लिहिलं, एकत्र काम करणाऱ्या प्रोसेसेसबद्दल. त्यात सेमाफोर आहे, ‘डेडलॉक’ आहे आणि बँकरचा अल्गोरिदम आहे. कॉलेजात यावरचं गणित सोडवताना मला त्यात बँक कशाला आणली हे कळलं नव्हतं, कारण पुस्तकात फक्त तक्ते होते. नाशिकमध्ये राहून ते कळायला वेळ लागू नये. आमच्याकडे निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला ते तोंडपाठ असतं.

समजा गावातल्या सोसायटीकडे १० लाख रुपये आहेत. तीन बागायतदार आहेत. हंगामाचा खर्च पहिल्याला ८ लाख, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ४. कोणालाच सगळे एकदम नको असतात. ऑक्टोबरच्या छाटणीला थोडे, मग फवारणी, डिपिंग, मजुरी, असे टप्प्याटप्प्याने. पण एक अट आहे. मधल्या टप्प्यावर पैसे थांबले तर बाग वाया जाते, आणि माल निघाल्याशिवाय कोणी एक रुपया परत करू शकत नाही.

आतापर्यंत पहिल्याला ४, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला २ लाख दिलेत. तिजोरीत २ उरले. घाबरायचं कारण नाही: तिसऱ्याला उरलेले २ द्या, त्याचा माल निघेल, तो ४ परत करेल. त्यातून दुसऱ्याला ३ द्या, तो ५ परत करेल. मग पहिल्याला हवे ते ४ देता येतात. तिघंही पार पडतात. आता पहिला बागायतदार येतो आणि फक्त १ लाख मागतो. तिजोरीत २ आहेत. द्यावेत? दिले तर उरतो १. पहिल्याला अजून ३ हवेत, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. कोणाचंच पूर्ण करता येत नाही. तिघांच्या बागा उभ्या, तिघांचं कर्ज अडकलेलं, आणि तिजोरीत १ लाख नुसते पडून. म्हणून डायक्स्ट्रांचा बँकर पैसे असूनही नाही म्हणतो. थांबायला सांगतो, तिसऱ्याचा माल निघेपर्यंत.

लाखांच्या जागी जीबी घाला आणि बागायतदारांच्या जागी कंपायलर. एक सी प्लस प्लसची फाइल सुरुवातीला थोडीच रॅम घेते, मग टेम्प्लेट उलगडताना फुगते. लिंकर तर सगळे तुकडे आणि डिबगची माहिती पोटात घेऊन बसतो. आठही जण अर्ध्या वाटेवर असताना रॅम संपते आणि पुढे जायला प्रत्येकाला आणखी थोडी हवी असते.

मग आजची सिस्टीम बँकरसारखी का वागत नाही? कारण बँकरची एक अट आहे: प्रत्येकाने आपली कमाल गरज आधी सांगायची. कंपायलर ती सांगत नाही, बऱ्याचदा सांगूही शकत नाही. लिनक्स उलटं करतो. मागेल त्याला हो म्हणतो, तिजोरीत असो वा नसो, कारण मागणारे सगळी मेमरी एकदम वापरत नाहीत असा त्याचा अनुभव आहे. आणि सगळे एकदम आले की एकाची बाग उपटतो. बहुधा सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्याची, म्हणजे अनेकदा नव्वद टक्के काम झालेल्या लिंकरची. आपण डायक्स्ट्रांची टोकनं घेतली, पण त्यांचा बँकर घेतला नाही. माझ्या मते अर्धवट मरणाऱ्या बिल्डांचं मूळ इथे आहे. मेक ‘मायनस जे’ला आकडा दिला नाही तर कितीही कामं सुरू करतं, निंजा आपणहून कोअरपेक्षा दोन जास्त घेतं, अँड्रॉइड ॲप बनवणारं ग्रेडल कोअरइतके कामगार ठेवतं. तिघांपैकी कोणीही सुरुवातीला रॅम विचारत नाही.

मग बँकर आपणच व्हायचं. जेंटू लिनक्सच्या मार्गदर्शिकेत दर कामाला किमान २ जीबी रॅम धरायला सांगितली आहे. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर ८ कोअर असले तरी ‘मायनस जे ४’, आणि ब्राउझर उघडा असेल तर ३. निंजामध्ये ‘पूल’ची सोय आहे. लिंकरसाठी वेगळा पूल करून त्यात एका वेळी एकच ठेवता येतो, कंपाइलची कामं बाजूला चालू राहतात. एलएलव्हीएमसारख्या अवजड प्रोजेक्टमध्ये तर लिंकची कामं किती ठेवायची याची वेगळी सेटिंगच दिलेली आहे. ग्रेडलमध्ये कामगारांची कमाल संख्या आणि जावाला मिळणारी मेमरी, दोन्ही ठरवता येतात.

आणि तरीही मेलंच तर? मेकचा ‘मायनस के’ हा पर्याय एक काम पडलं तरी बाकीची चालू ठेवतो. पहिली फेरी ‘मायनस के’सह चारने चालवायची आणि जे उरलं ते दुसऱ्या फेरीत एकेक करून. झालेली कामं मेक पुन्हा करत नाही, त्यामुळे दुसरी फेरी लहान असते आणि जड फाइलला पूर्ण रॅम मिळते. पण हे स्क्रिप्टमध्ये डोळे मिटून टाकू नका. क्रमाची चूक असेल तर ती दुसऱ्या फेरीत झाकली जाते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या मशीनवर उगवते. आधी नोंदी बघा, मेमरीमुळे मेलं असेल तरच पुन्हा चालवा.

१०८ केबीची ऑपरेटिंग सिस्टीम

आइंडहोव्हनमध्ये डायक्स्ट्रांच्या छोट्या गटाने एक्स-८ साठी जी सिस्टीम बांधली तिला संस्थेच्या आद्याक्षरांवरून टीएचई म्हणतात. मशीनची मुख्य मेमरी ३२ हजारांच्या आसपास शब्द, प्रत्येक शब्द २७ बिटांचा. हिशेब केला तर साधारण १०८ केबी. जोडीला ५१२ हजारांच्या घरातल्या शब्दांचा फिरता चुंबकीय ड्रम, म्हणजे पावणेदोन एमबीच्या आसपास. तुमच्या फोनचा एक फोटो त्यात मावणार नाही. मुख्य मेमरी भरली की तिचे तुकडे ड्रमवर जायचे आणि लागले की परत यायचे. फोनच्या जाहिरातीत आज ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणून जे विकतात त्याचं हे आजोबा. आणि तेव्हाही ते फुकट नव्हतं: ड्रमच्या एका फेरीला ४० मिलिसेकंद लागायचे, तेवढ्यात मुख्य मेमरीच्या १६,००० फेऱ्या होत. म्हणून स्वॅप वाढवल्यावर बिल्ड मरत नाही पण रांगायला लागतं.

ही सिस्टीम त्यांनी थरांनी बांधली. सर्वात खाली प्रोसेसर वाटून देणारा थर, त्यावर मेमरी सांभाळणारा, मग ऑपरेटरशी बोलणारा, मग प्रिंटर-टेपचा, आणि वर लोकांचे प्रोग्रॅम. खालचा थर पूर्ण तपासल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. एक्स-१ च्या वेळची भीती ते विसरले नव्हते. १९६८ मध्ये छापलेल्या पेपरमध्ये त्यांनी नोंदवलं की चाचणीत सापडल्या त्या फक्त किरकोळ चुका, सुमारे ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक १० मिनिटांच्या आत सापडली. एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या सिस्टीमबद्दल असं लिहायची हिंमत आज मी ओळखत असलेल्या कोणत्याही टीममध्ये नाही.

एवढं करून हाती काय आलं? गणिताच्या विभागाला या कामात पुढे रस नव्हता. गट मोडला. डायक्स्ट्रांना नैराश्याने गाठलं. १९६९ च्या सुमारास त्यातून बाहेर यायची धडपड म्हणून त्यांनी स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरची टिपणं लिहायला घेतली आणि ती जगभर गाजली. १९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी ते बरोज या अमेरिकन कंपनीचे संशोधक झाले आणि न्यूनेन गावातल्या घरी बसून काम करू लागले. व्हॅन गॉगने बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं चित्र काढलं तेच हे गाव. वर्क फ्रॉम होम, १९७३ साली! घरात कॉम्प्युटर मात्र नाही. फाउंटन पेन, कागद आणि सुबक अक्षर. स्वतःच्या आद्याक्षरांनी क्रमांक घातलेली ही टिपणं ते ओळखीच्यांना पाठवायचे, ते झेरॉक्स काढून पुढच्यांना द्यायचे. अशी १,३०० हून जास्त झाली.

१९७४ मध्ये त्यांनी दोन पानांचा एक पेपर छापला. विषय असा: अनेक मशीन्स एकमेकांशी बोलत आहेत, कोणीही मुख्य नाही, आणि काहीतरी बिघडून सगळी भलत्याच अवस्थेत गेली. बाहेरून कोणी दुरुस्त न करता ती आपोआप योग्य अवस्थेत परत येतील अशी रचना करता येते का? त्यांनी ती करून दाखवली, पण जवळपास दहा वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेत या पेपरचं महत्त्व सांगितल्यावर ‘सेल्फ-स्टॅबिलायझेशन’ ही मोठी शाखा झाली.

बिल्डशी याचा थेट संबंध नाही, जोड माझी आहे. मारल्या गेलेल्या कामाची सर्वात वाईट खोड म्हणजे अर्धी लिहिलेली फाइल. तिच्यावर वेळ ताजी असते, पुढच्या वेळी मेक वेळ बघतो, ही झालीय समजतो आणि पुढे जातो. मग तासाभराने लिंकर भलतंच काही बडबडतो. तोपर्यंत मूळ कारण कोणाच्या लक्षातही नसतं. उपाय दोन. मेकफाइलमध्ये ‘डिलीट ऑन एरर’चा नियम टाका, म्हणजे काम पडलं की त्याची अर्धवट फाइलही जाते. आणि स्वतःची स्क्रिप्ट असेल तर आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. मग वीज गेली, रॅम संपली, कोणी कंट्रोल-सी दाबलं, काहीही झालं तरी पुढच्या वेळी नुसतं ‘मेक’ म्हटलं की बिल्ड बरोबर जागेवरून सुरू होतं. सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागत नाही, आणि ८ जीबीच्या मशीनवर तो एक तास असतो.

१९८४ मध्ये डायक्स्ट्रा अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवत राहिले. सुट्टीत रियांबरोबर फोक्सवॅगनच्या बसमधून फिरायचे. तिला त्यांनी ‘टुरिंग मशीन’ नाव दिलं होतं. कॉम्प्युटर शेवटी घेतला, तोही ईमेल आणि वेबपुरता. २००२ मध्ये ते न्यूनेनला परतले. त्या वर्षी १९७४ च्या त्या दोन पानी पेपरला डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगच्या परिषदेचा पुरस्कार मिळाला आणि ६ ऑगस्टला कर्करोगाने त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षीपासून त्या पुरस्काराला ‘डायक्स्ट्रा पारितोषिक’ म्हणतात.